सवतीचा आवाज

माझ्या नवऱ्यानं माझा आवाज कधी ऐकलेला नाही. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्नाआधी तो सक्तीच्या लष्करी नोकरीवर देशाच्या पार पश्चिम टोकाला होता. तिथं सरावाच्या वेळी तोफेचा गोळा जवळच फुटला आणि दोन्ही कानांच्या नसा मेल्या. गावी परतला तो ठार बहिरा होऊन. पुढं डॉक्टरांनी कानात बसवायची नाना यंत्रं आणली, पण नसच मेली तर यंत्र काय करणार? तो माझ्या ओठांवरून माझं बोलणं वाचतो. दुसऱ्या कुणाचं त्याला धड वाचता येत नाही, म्हणून दवाखान्यात, बाजारात, लग्नकार्यात मी त्याच्यासमोर उभी राहते आणि लोकांचं बोलणं त्याला सांगते. बायका म्हणतात, ‘रेवशान, म्हातारा सारखा तुझ्या तोंडाकडे बघतो, नशीबवान आहेस.’ मी हसते. बहिरा माणूस बघून बघून बघणार तरी कुठं?

बहिरा होण्याआधी त्यानं एका मुलीचा आवाज मात्र पोटभर ऐकला होता. तिचं नाव नेर्गिझ. आमच्याच दारेगुल गावची, सुताराची मुलगी. वयाच्या अठराव्या वर्षी ती नाहीशी झाली. आज मी एकोणसत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, दात गेलेत, आणि तरी तिचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं. सवत जिवंत असली तर भांडता तरी येतं. ही कायमची अठराची राहिली.

आम्ही कुर्द. आमच्या तरुणपणी आमच्या भाषेत गाणं, छापणं, शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. घरात बोलायचो, पण लिहायला कुणी शिकवलंच नाही. शाळेत होती ती सरकारची भाषा. लष्करातल्या मुलाला पत्र पाठवायचं तर तेही सरकारच्या भाषेत, आणि ते आधी अधिकारी फोडून वाचणार. मग लोकांनी तोडगा काढला. बाजारात लष्करी कवायतीच्या गाण्यांच्या कॅसेट मिळत. त्यातली एक घ्यायची, तिच्यावर आपलं बोलणं भरायचं आणि ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती द्यायची. ज्याला ती मिळे तो ऐकून घेई, मग त्याच कॅसेटवर आधीचं पुसून आपलं उत्तर भरी आणि परत पाठवी. एकच कॅसेट वर्ष-वर्ष जाई-येई. पकडली गेली तरी एकाच पत्राचा गुन्हा लागे. आणि धाडीची कुणकुण लागली की कॅसेट सरळ जमिनीत पुरायची. ऐकलेली असो वा नसो. आमच्या खोऱ्यात बटाट्यांइतक्याच कॅसेट पुरलेल्या असतील.

आता सन २०३९. ज्या सरकारनं आमची तोंडं बंद केली, त्यानंच त्या कॅसेट ऐकण्यासाठी आमच्या तळ्याकाठच्या शहरात एक केंद्र उघडलं. बाहेरच्या देशांचा दट्ट्या होता म्हणतात. बेपत्ता माणसांची प्रकरणं तपासायला एक आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली, आणि वर ‘आमचा सामायिक वारसा’ अशी पाटी लावली. मी त्या पाटीखालून रोज कामाला जात होते.

केंद्रातल्या यंत्राला आम्ही ‘हिरा’ म्हणायचो. ते चालवणारी डॉक्टर एल्चिन राजधानीतून आलेली, पस्तिशीची, सदा घाईत. पहिल्याच दिवशी तिनं मला ते समजावलं होतं. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गंजासारख्या लोहकणांचा लेप. एकेक कण म्हणजे एकेक इवला चुंबक. आवाज भरला जाताना हे चुंबक ठरावीक दिशांना वळतात आणि तसेच राहतात. पन्नास वर्षं मातीत काढली की पट्टी चुरगळते, लेप सुटतो, कुठल्याही टेपरेकॉर्डरवर ती फिरत नाही. पण कण दिशा सोडत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. यंत्रात तांदळाच्या कणीएवढा एक कृत्रिम हिरा असतो. त्याच्या आत मुद्दाम दोष ठेवलेले असतात: मधूनच एखाद्या कार्बनच्या अणूऐवजी नायट्रोजनचा अणू, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. हिरवा लेझर टाकला की हा हिरा लाल चमकतो, आणि जवळ चुंबक आला की ती चमक बदलते. त्या बदलावरून कणाकणाची दिशा कळते. फोटो काढावा तशी फीत जागच्या जागी वाचायची. मग संगणक त्या दिशांचा पुन्हा आवाज करतो.

“आणि मावशी, खरी मजा पुढंच आहे,” एल्चिन म्हणाली होती. “टेपरेकॉर्डर जुना आवाज पुरता पुसत नाही. पुसणारा भाग प्रत्येक यंत्रात केसभर इकडंतिकडं बसवलेला असतो. त्यामुळं फितीच्या कडेला आधीच्या आवाजाची बारीक किनार उरते. शेत नांगरलं तरी बांधालगतची ओळ राहते ना? हिरा ती ओळ वाचतो.”

“म्हणजे लोकांनी पुसलेली पत्रंही?”

“चार-पाच थर तरी.”

हिऱ्याला आवाज काढता येई, पण अर्थ लावता येत नसे. भाषा समजणारी यंत्रं पुस्तकांवर, वर्तमानपत्रांवर, शाळांतल्या बोलण्यावर शिकतात. आमच्या खोऱ्यातल्या बोलीचं असं काही शिल्लक नव्हतंच; कुणामुळं नव्हतं, ते सांगायला नको. म्हणून केंद्रानं आम्हां अकरा म्हाताऱ्या माणसांना ‘ऐकणारे’ म्हणून नेमलं. आम्ही ऐकायचं आणि सरकारच्या भाषेत सांगायचं, एल्चिननं ते टिपून घ्यायचं. दारेगुलच्या बाजूची बोली जाणणारी त्यांत मी एकटीच होते.

सप्टेंबरात सेवे आली. नेर्गिझची धाकटी बहीण. नेर्गिझ गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता अठ्ठावन्नची. लष्करानं पुढं रिकामं करवलेलं आमचं गाव सरकारनं यंदा परत जायला खुलं केलं, तेव्हा तिनं जुन्या घरात तंदूरशेजारची जमीन खणली आणि चहाचा एक डबा काढला. डब्यात कॅसेट होती. लेबलावर लष्करी बँडचं चित्र.

ती कॅसेट मी सतराव्या वर्षी हातात धरली होती. गावाकडं जाणाऱ्या फाट्यावर माझ्या वडिलांचं चहाचं दुकान होतं. ट्रकवाला पुडकं तिथं ठेवून जाई आणि नेर्गिझ पीठ न्यायच्या निमित्तानं ते उचलून नेई. पुडक्यावर पाठवणाऱ्याचं नाव असे. ते नाव वाचून मी कित्येक रात्री जळत काढल्या आहेत.

“त्या दिवशी सगळं गाव वरच्या कुरणात गवत कापायला गेलं होतं,” सेवे सांगत होती. “नेर्गिझ तेवढी घरी होती. आम्ही आलो तर घर रिकामं. गादी-रजयांच्या ढिगाखाली टेपरेकॉर्डर, त्यात ही कॅसेट. आईनं ऐकली नाही हो, रेवशानताई. पोरगी नाहीशी झाली म्हणजे झडती येणार, एवढंच तिला सुचलं. तिनं आधी पुरून टाकली. सरकारनं फाइलीत लिहिलं, स्वखुशीनं डोंगरात बंडखोरांकडे गेली. आई मरेपर्यंत तिचं नाव काढू देत नव्हती. म्हणायची, सांगून तरी जायचं होतं.”

एल्चिननं फॉर्म पुढं केला. ‘ध्वनिफितीतील व्यक्तींशी ऐकणाऱ्याचा संबंध आहे काय?’ नेर्गिझ कुणाला कॅसेट पाठवत होती, हे सेवेला ठाऊक नव्हतं. गावात ते फक्त मला ठाऊक होतं. मी ‘नाही’वर खूण केली. सेवेनं मात्र तेवढ्यावर भागवलं नाही. तिनं पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाली, “भाकरीवर हात ठेवून सांग ताई, जे ऐकशील तेच सांगशील.” आमच्यात याहून मोठी शपथ नाही. मी घेतली.

थर खालून वर काढायचे होते. तळाशी कवायतीची गाणी. ती माहितीची, म्हणून संगणकानं ती आधी वजा केली. दुसऱ्या थरात एक पुरुष बोलत होता.

पहिल्या वाक्याला मी ओळखलं नाही. मग तो हसला आणि मी टेबलाची कड धरली. माझा नवरा होता तो. विशीतला, दोन्ही कान शाबूत असलेला. बावीस मिनिटं तो अखंड बोलत होता. बराकीतल्या ढेकणांबद्दल, हवालदाराच्या मिशांबद्दल. समुद्र पाहिला म्हणाला, आपल्या तळ्यासारखाच आहे, पण पलीकडचा काठ घालायचा विसरलेत. स्वतःच्याच विनोदावर हसला. आणि मग दबक्या आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेतानं, त्यानं तिला एक लांबलचक गाणं म्हणून दाखवलं. डोंगरावरून घोडं उतरावं तसा सावकाश, कुठंही न घसरता.

लग्नात माझ्या सासूनं सांगितलं होतं, ‘माझ्या पोराला गळाच नाही.’

घरी गेले तेव्हा तो गच्चीत मधाच्या पेट्यांच्या चौकटी खरवडत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “तुम्ही पूर्वी गात होता?”

“कोण म्हणतं?”

“असंच विचारलं.”

“बहिऱ्यानं गाऊ नये. सूर सुटला तरी कळत नाही.”

“मी सांगितलं असतं की, सुटला म्हणून.”

तो चौकटीकडे बघू लागला. म्हणजे संभाषण संपलं. त्याला ऐकायचं नसलं की तो नुसती मान वळवतो. पन्नास वर्षं मी मनाची समजूत घातली होती की बहिरा माणूस कमीच बोलायचा. तो मुळात बडबड्या होता, हे मला फितीच्या किनारीवरून कळावं! त्याची सगळी बडबड तिच्यावर खर्च झाली होती आणि माझ्या वाट्याला रिकामं पोतं आलं होतं. मी त्या संध्याकाळी भाजीत मीठ दुप्पट घातलं. तो निमूटपणे जेवला.

तिसरा थर तिचा. तिचा आवाज गोड असेल असं मी धरून चालले होते. घोगरा निघाला. गोड असता तर परवडलं असतं. घोगऱ्या आवाजातलं खोटं वाटत नाही. “तेमो, ऐक रे मेल्या,” अशी तिची सुरुवात. तेमो म्हणजे माझा नवरा. त्याला मेल्या म्हणायची ती! त्याच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला तो श्वास चुकीच्या ठिकाणी घेतो म्हणून सांगायची, आणि मग स्वतः ते कडवं म्हणून दाखवायची. मधेच म्हणाली, ‘तुझं पत्र मी आता पुसणार आहे. चारदा ऐकलं. पाचव्यांदा ऐकून पुसते.’

“काय म्हणते?” एल्चिननं विचारलं.

“प्रकृती बरी आहे. गाय व्यायली. थंडी पडायला लागली.”

“मावशी, अठरा मिनिटं आहेत ही.”

“आमची भाषा जरा ऐसपैस आहे.”

एल्चिननं लिहून घेतलं. तिला आमचा एक शब्द येत नव्हता. आणि येऊ नये याची तिच्याच सरकारनं साठ वर्षं काळजी घेतली होती. मला तिचा आधी राग यायचा. त्या दिवशी तिचं ते अडाणीपण मला अगदी सोयीचं वाटलं. भाकरीची शपथ आठवली, नाही असं नाही. पण सवतीचं कौतुक माझ्याच तोंडानं सरकारी कागदावर चढवायचं, एवढं मोठं मन देवानं मला दिलेलं नाही. चौथ्या थरात तो होता; त्याचंही मी हवापाणीच करून टाकलं.

पाचवा थर ऑक्टोबरच्या मध्यावर निघाला. सगळ्यांत वरचा, शेवटचा. मी आणि एल्चिन दोघींनी कानांवर हेडफोन लावले.

“तेमो, ऐक रे. सगळे कुरणात गेलेत. मी पोटदुखीचं सोंग करून घरी राहिलेय, चुलीवर दूध ठेवलंय आणि तुझ्याशी बोलतेय. तू सुटून आलास की ओढ्यावर भेटू नको. तिथं फाट्यावरच्या दुकानातली रेवशान टक लावून बघत असते. बिचारी. तिला तू आवडतोस, तुला कळतं का तरी? आलास की तिच्याशी नीट दोन शब्द बोल, मेल्या. मला वाईट वाटतं तिचं.”

बिचारी! बावन्न वर्षं मी जिच्यावर जळले, तिला माझं वाईट वाटत होतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिला तिथल्या तिथं माफ केलं असतं.

मग कुत्रं भुंकलं. दार वाजलं. तिनं टेपरेकॉर्डर रजयांखाली ढकलला असावा, कारण पुढचे आवाज दबलेले होते. बुटांचे आवाज. एक माणूस आमच्या बोलीत म्हणाला, “नेर्गिझ, हुसो सुताराची पोरगी ना तू? लष्करातल्या पोराला पाठवतेस ती कॅसेट काढ. नाही म्हणू नकोस, माझ्या भाचीनं सांगितलंय.” मागून दुसरा माणूस सरकारच्या भाषेत म्हणाला, “वेळ घालवू नका. गाडीत घाला हिला. नोंद नको.” आणि नेर्गिझ म्हणाली, “चुलीवर दूध आहे. उतरवू द्या.” त्यानंतर तिचा आवाज नाही. बराच वेळ काही नाही. मग दूध उतू जाऊन निखाऱ्यांवर पडल्याची चरचर, आणि फीत संपेपर्यंत नुसती शांतता.

पहिला आवाज माझ्या मामाचा होता. मामा गावरक्षक होता. म्हणजे सरकारनं बंदूक देऊन आमच्यावर नेमलेला आमच्यातलाच माणूस. आणि भाची मी. आदल्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं. कॅसेट सापडली तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं: ती पायाखाली चिरडायचे, दोन थोबाडीत द्यायचे, बापाला चौकीवर बसवून ठेवायचे. मला तेवढंच हवं होतं. कॅसेट चिरडावी आणि ते संपावं. मामा नंतर म्हणाला, ‘आम्ही गेलो तर घरात कुणीच नव्हतं.’ मी विश्वास ठेवला. तो मला परवडत होता.

एल्चिननं हेडफोन काढले. तिचा चेहरा उतरला होता. सरकारच्या भाषेतली ती तीन वाक्यं तिला माझ्या मदतीशिवाय कळली होती.

“त्यानं ‘नोंद नको’ म्हटलं, मावशी.”

“हो.”

“आणि दुसरा? तो काय म्हणाला?”

“कॅसेट मागितली. तिचं नाव, बापाचं नाव घेतलं.” भाचीचं मी गाळलं.

एल्चिन खोलीत दोन फेऱ्या मारून आली. “हे एवढ्यानं होणार नाही,” ती म्हणाली. “आजकाल कुणाचाही आवाज यंत्रावर बनवता येतो. त्यामुळं कायद्यात अट आहे. आवाज ओळखणारा, त्या काळचा, बेपत्ता माणसाच्या नात्याबाहेरचा जिवंत साक्षीदार लागतो. त्या गावरक्षकाचं नाव कळलं तर तो कुठल्या चौकीवर होता ते निघेल, चौकीवरून अधिकारी निघेल. मुदत नऊ दिवसांत संपतेय. साक्षीदार नाही मिळाला, तर फाइल आहे तशीच कायमची बंद. ‘स्वखुशीनं डोंगरात.’”

सेवे नऊपैकी सात दिवस वणवण फिरली. ज्यांना मामाचा आवाज ओळखता आला असता, ते सगळे कबरीत होते. रोज संध्याकाळी ती केंद्रात येऊन माझ्याशेजारी बसायची आणि मी तिला चहा द्यायचे. मला तोंड उघडायचं तर होतं, पण उघडलं असतं तर काय झालं असतं ते नीट ऐका.

माझ्या नवऱ्यानं सरकारची फाइल खरी मानली होती. एवढीच एक सरकारी गोष्ट त्यानं जन्मात खरी मानली. आपण बहिरे होऊन आलो तर ती आपल्याला न सांगता आधीच डोंगरात निघून गेलेली, हा राग त्यानं पन्नास वर्षं जपला, आणि त्या रागाच्या बळावर माझा संसार उभा होता. पळून गेलेलीचा राग येतो, आणि राग हा कधीतरी निवतो. पण ती पळालीच नव्हती. त्याच्याशी बोलता बोलता उचलून नेली होती. हे त्याला कळलं की ती त्याची झाली, कायमची, आणि मी उरले चहाडखोर. सरकारचं ते खोटं इतकी वर्षं माझ्या बाजूनं लढत होतं, आणि मी त्याच सरकारला घरोघर शिव्या देत होते.

आठव्या दिवशी सकाळी मी त्याला विचारलंच. “नेर्गिझची कधी आठवण येते?”

इतक्या वर्षांत ते नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं होतं. त्याला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. मी पुन्हा विचारलं.

“ती? तिला डोंगर आवडला. ती गेली.” त्यानं मधाची बरणी माझ्याकडे सरकवली. “तू राहिलीस.”

हे दोन शब्द ऐकायला मी पन्नास वर्षं त्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. आणि मिळाले तेव्हा ते चोरीचे निघाले. तो माझी तिच्याशी तुलना करत होता आणि मी जिंकत होते. कारण दुसरी बाजू बोलायलाच येऊ शकत नव्हती, आणि ती का येऊ शकत नव्हती ते मला माहीत होतं. मी मध बोटाला लावला आणि मला तो गिळवेना. तिला अशी हरवून मला ती जागा नको होती. तिच्यासमोर उभी राहून हरले असते तरी बरं, असं वाटलं. चांगुलपणा नव्हता तो. खोट्यानं जिंकलेलं मला पचत नव्हतं, एवढंच.

मी केंद्रात जाऊन एल्चिनला म्हटलं, “जुनं लिहिलेलं सगळं खोडा. दुसऱ्या थरापासून लिहा. आणि पाचव्या थरातला तो माणूस माझा मामा आहे.”

तिनं रात्रीपर्यंत लिहिलं. सगळं सांगितलं मी. गाणं, श्वास, मेल्या, बिचारी, दूध, भाची. खोटी खूण केली म्हणून माझं काम गेलं. ते जाणारच होतं. मामाच्या नावावरून चौकी निघाली, चौकीवरून अधिकारी निघाला; मामासारखाच तोही मेलेला. मुदत संपायच्या दिवशी दुपारी आयोगानं फाइलीतला शेरा बदलला: ‘सुरक्षादलांच्या ताब्यात असताना मृत्यू.’ जुन्या चौकीमागची जमीन उकरायचा हुकूम निघाला. सतरा वर्षांच्या पोरीनं मामाकडं केलेली चहाडी कुठल्याच कलमात बसत नव्हती, म्हणून मला कुणी काही केलं नाही. सेवेनं सही करून दाखला घेतला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दारापर्यंत गेली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आम्ही घरी आलो तेव्हा चूल दुधानं विझलेली होती. मला आठवतंय.” मग गेली.

घरी मी काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही. आठवड्यानं नवऱ्याच्या नावे जाड लिफाफा आला. कॅसेट ज्याला पाठवली होती त्याला कायद्यानं प्रत द्यावी लागते. सगळे थर होते, सरकारच्या भाषेत, आणि शेवटी माझा जबाब, माझ्या सहीसकट. त्याला ती भाषा वाचता येते. लष्करानं कान घेतले पण वाचायला पक्कं शिकवलं. तो सकाळी गच्चीत बसला आणि दुपारपर्यंत वाचत राहिला. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. माझी गाठोडी मी आधीच बांधून ठेवली होती. भावाच्या मुलाकडं जायचं ठरवलं होतं. तो मारेल असं वाटत नव्हतं. मारलं असतं तर मी उलट बोलले नसते.

तो आत आला, कागद टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

“हे तिचं बोलणं नाही,” तो म्हणाला. “हे सरकारी आहे. ‘मी कळवू इच्छिते की.’ ती असं कधी बोलेल? तू ऐकलंस. ती कशी बोलली ते सांग.”

मी त्याला विचारलं, “माझा जबाब वाचलात?”

“वाचला.”

“मग माझ्याबद्दल काही विचारायचं नाही?”

“नंतर,” तो म्हणाला. “आधी तिचं सांग.”

मी केलेल्या पापालासुद्धा तिच्या मागं रांगेत उभं राहावं लागलं. खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मी जळले. सतराव्या वर्षी जळले होते तशीच.

पण सांगणारी मीच एकटी होते. त्याला ऐकू येत नव्हतं, आमची भाषा त्याला लिहून दाखवता येत नव्हती, आणि माझ्याखेरीज कुणाचे ओठ त्याला वाचता येत नव्हते. मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. तो पुढं झुकला. आमच्यात बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. मी त्याला आजवर ‘अहो’, ‘ऐकलंत का’, नाहीतर मुलाचा बाप, एवढंच म्हटलेलं होतं. तिची सुरुवात तर नावानंच होती.

“तेमो,” मी म्हटलं, “ऐक रे मेल्या.”

त्याचा चेहरा उजळला. एकोणसत्तर वर्षांच्या माझ्या तोंडाकडे तो असा बघत होता, जसं त्यानं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी थांबले.

“पुढं?” तो म्हणाला.